उतारावर न्यूट्रल की गिअर? इंजिन ब्रेकिंग आणि ॲव्हरेजचा खरा हिशेब

घाटमाथा संपून उतार लागला की अनेकांचा हात आपसूक गिअरच्या दांड्याकडे जातो. न्यूट्रल पडतं, इंजिनाचा आवाज मंदावतो आणि गाडी 'फुकटात' उतरायला लागते. ही सवय कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळातली आहे, आणि तेव्हा तिच्यामागे थोडंफार तथ्यही होतं. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत मात्र उतारावर गिअर टाकून, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की इंजिन शून्य इंधन पितं. न्यूट्रलमध्ये तेच इंजिन आयडलिंगसाठी, म्हणजे नुसतं चालू राहण्यासाठी, पेट्रोल जाळत राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी न्यूट्रल टाकायचं, ती बचत गिअरमध्येच होती. न्यूट्रल जिंकतं अशा काही मोजक्या जागा आहेत, त्याही पुढे येतील.

पाय काढला की आत काय होतं

गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सोडलेला आहे आणि पाय ॲक्सिलरेटरवर नाही. अशा वेळी इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकं इंजिनाला फिरवतात, आणि त्या ओझ्याने वेग कमी होतो. हेच इंजिन ब्रेकिंग. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, दोन गोष्टी पाहतो: थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद आहे, आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, आयडलिंगच्या बरेच वर आहेत. इंजिन बंद पडण्याची भीती नाही हे कळलं की तो इंजेक्टरना, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोट्यांना, उघडण्याचा हुकूमच देत नाही. पिस्टन वरखाली होत राहतात, पण सिलिंडरमध्ये येते ती नुसती हवा. आरपीएम उतरत उतरत साधारण १,००० ते १,३०० च्या आसपास आले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. एसी चालू असेल तर तो थोडा वर सरकतो, आणि इंजिन थंड असताना बरेचदा इंधन तोडलंच जात नाही. सकाळी सोसायटीच्या गेटमधून निघून लगेच उतार लागत असेल, तर तिथे या फायद्याची अपेक्षा ठेवू नका.

वेग कमी होतो तो कशामुळे? पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप बंद असते, त्यामुळे पिस्टनला जवळजवळ बंद नळीतून हवा ओढावी लागते. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार होतो आणि त्याविरुद्ध झगडण्यात चाकांची ऊर्जा खर्च होते. त्यात पिस्टन-रिंगांचं घर्षण, ऑइल पंप, वॉटर पंप, अल्टरनेटर यांची भर पडते. डिझेलचं थोडं वेगळं आहे. तिथे थ्रॉटल हवेला तसा अडवत नाही. 'डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, म्हणून इंजिन ब्रेकिंग जास्त' असं सर्रास बोललं जातं, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून पिस्टनला परत ढकलते, आणि दाबायला लागलेल्या ऊर्जेतली बरीचशी तिथेच परत मिळते. डिझेलचा धरून ठेवणारा जोर येतो तो मुख्यतः घर्षणातून, मोठ्या इंजिनातून आणि खालच्या गिअरमधून.

कार्ब्युरेटरला यातलं काही कळायचं नाही. हवेचा झोत गेला की पेट्रोल त्याच्यामागे जायचं. पाय काढून गिअरमध्ये उतरताना इंजिन २,५०० आरपीएमवर फिरत असेल, तर त्या ओढीने आयडल जेटमधून पेट्रोल येतच राहायचं. त्या हिशेबात न्यूट्रलचे ८०० आरपीएम स्वस्त पडायचे. आपल्याकडे मोटारी २००० सालच्या आसपास मल्टिपॉइंट इंजेक्शनवर आल्या. दुचाकींमध्ये इंजेक्शन सरसकट आलं ते १ एप्रिल २०२० ला बीएस ६ हे धुराचे नियम लागू झाल्यावर. सवय मात्र जुन्याच पेट्रोलवर चालली आहे.

आपल्या गाडीत हे होतं का, तपासून पाहा

सगळ्यात सोपी जागा म्हणजे मीटरमधला तात्काळ ॲव्हरेजचा आकडा किंवा पट्टी. इंजिन पूर्ण तापू द्या. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ५० चा वेग घ्या आणि पाय पूर्ण काढा. आकडा झपकन वरच्या टोकाला जाऊन चिकटतो. काही गाड्यांत ती मर्यादा ३० असते, काहींत ५० किंवा ९९.९. शून्य इंधनात कितीही अंतर कापलं तर ॲव्हरेज अनंत येतं, आणि ते दाखवायला मीटरवर जागा नसते, एवढाच त्याचा अर्थ. वेग उतरत असताना एका क्षणी आकडा खाली पडतो. तेव्हाचे आरपीएम लक्षात ठेवा. आपल्या गाडीत इंधन पुन्हा सुरू होतं ते तिथे.

ज्यांना खात्री हवी त्यांनी ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या खाचेत, ब्लूटूथ ॲडॅप्टर लावावा. सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली असतं. मोबाइलच्या ॲपमध्ये इंधनाचा दर शून्य दिसेल. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज शून्याजवळ येईल, कारण सायलेन्सरमधून कोरी हवा जाते आहे. आकडे शेजारच्या माणसाने पाहायचे, चालवणाऱ्याने नाही.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांतही, सिक्वेन्शिअल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर) असेल तर, गॅसचे इंजेक्टर असेच बंद होतात.

न्यूट्रलचं गणित

१.२ लिटरचं पेट्रोल इंजिन आयडलिंगला एसीशिवाय तासाला ढोबळमानाने ०.६ ते ०.८ लिटर पितं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर सुमारे ४० किलोमीटर. वळणं पाहता सव्वा तास धरा. अख्खा रस्ता न्यूट्रलमध्ये उतरलात तर पाऊण ते एक लिटर पेट्रोल गेलं. गिअरमध्ये उतरलात तर तीव्र वळणांवरची थोडी रेस आणि मधले सपाट तुकडे सोडले, तर बहुतेक वेळ खर्च शून्य.

पण खरं सांगायचं तर सगळे उतार घाटासारखे नसतात. सोलापूर किंवा नगर रस्त्यावर किलोमीटरभर लांब, अगदी सौम्य उतार लागतात. तिथे गिअरमध्ये पाय काढला तर वेग ८० वरून ६५ वर येतो, आणि मग तो परत मिळवायला रेस द्यावी लागते. न्यूट्रलमध्ये गाडी ८० धरून राहते. अशा जागी निव्वळ इंधनाच्या हिशेबात न्यूट्रल थोडं पुढे असतं. काही नव्या गाड्यांत 'सेलिंग' या नावाने कॉम्प्युटर स्वतःच क्लच सोडवून हे करतो, आणि ब्रेकची मदत, स्टिअरिंग, परत गिअर जोडणं, सगळं सांभाळतो. हाताने न्यूट्रल टाकून तेच करण्यातला नफा किलोमीटरमागे काही मिलिलिटरचा. त्याच्या बदल्यात, अचानक ट्रॅक्टर आडवा आला तर हाती गिअर नसतो. सौम्य उतारावर सर्वात वरच्या गिअरमध्ये पायाचा अगदी हलका दाब ठेवून वेग धरून राहणं, हा त्यावरचा शहाणा तोडगा.

इंजिन बंद करून उतरणं हा विषय वेगळाच. ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरमध्ये इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन दाबांपुरतीच साठवण असते. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकतं. याला बचत म्हणता येत नाही. गिअरमध्ये पाय काढलेला असताना उलट पेट्रोल इंजिनाचा व्हॅक्यूम सर्वाधिक असतो, म्हणजे ब्रेकची मदतही पुरेपूर.

शहरात: सिग्नलकडे जाताना

ॲव्हरेजची खरी कमाई घाटात नाही, रोजच्या रस्त्यावर आहे. माणसांसकट १,३०० किलोची गाडी ६० च्या वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १८० किलोज्यूल ऊर्जा असते. इंजिनाची कार्यक्षमता पाव ते तीस टक्के धरली तर ती ऊर्जा तयार करायला साधारण २० मिलिलिटर पेट्रोल लागलेलं असतं, खोकल्याच्या औषधाचे चार चमचे. सिग्नलच्या तोंडाशी येऊन कचकन ब्रेक मारला की ते चार चमचे डिस्कवर गरम होऊन उडून जातात. दिवसात असे पन्नास ब्रेक म्हणजे लिटरभर.

ब्रेक टाळणं नेहमी शक्य नसतं, पण ब्रेकआधी जाळलेलं पेट्रोल वाचवता येतं.

१. नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर न ठेवता तिच्यापुढच्या दोन-तीन गाड्यांवर आणि सिग्नलच्या सेकंदांवर ठेवा.

२. लाल दिवा दिसला, किंवा हिरव्याचे सेकंद पुरणार नाहीत असं वाटलं, की तिथेच पाय काढा. क्लच दाबू नका. चौथ्या गिअरमध्ये ६० वरून नुसता पाय काढून वेग वीस-पंचविसावर यायला सपाट रस्त्यावर दीड-दोनशे मीटर किंवा जास्तही लागतात. एवढं अंतर पुणे-मुंबईच्या रहदारीत क्वचित मिळतं. पन्नास मीटर मिळालं तरी तेवढं घ्या.

३. आरपीएम १,३०० च्या खाली उतरायला लागले आणि अजून अंतर असेल, तर एक गिअर खाली. इंधन पुन्हा तुटतं.

४. ब्रेक लावायचा तो गिअरमध्येच. क्लच दाबायचा शेवटच्या १५-२० च्या वेगाला, इंजिन थरथरायच्या जरा आधी.

५. मागच्याला कल्पना द्या. इंजिन ब्रेकिंगने मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कोणी चिकटून असेल तर ब्रेक पेडल अलगद टेकवून दिवे लावा.

इथे एक बारकावा. वरच्या कृतीत बहुतेक बचत लवकर पाय काढल्याची आहे. दोनशे मीटर आधी पाय काढला तर तेवढ्या अंतराचं, म्हणजे साधारण १० मिलिलिटर पेट्रोल वाचतं. त्याच अंतरात न्यूट्रल ऐवजी गिअर ठेवल्याचा फायदा जेमतेम ३ मिलिलिटर. म्हणून जो उशिरा पाय काढतो आणि मग अभिमानाने गिअरमध्ये राहतो, त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

घाट उतरताना

पुन्हा आंबेनळी घ्या. उंचीतला फरक १,२०० मीटरच्या वर. चार माणसं आणि सामान धरून १,५०० किलोची गाडी तेवढी खाली येते तेव्हा सुमारे १७-१८ मेगाज्यूल ऊर्जा सोडते. जवळपास निम्मी टायरांच्या आणि हवेच्या विरोधात जाते. उरलेली ८-९ मेगाज्यूल कुठेतरी जिरायला हवी. एवढ्या उष्णतेत पंचवीस-तीस लिटर पाणी उकळायला लागेल. न्यूट्रलमध्ये ती सगळी जाते चार ब्रेकांत, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये. गिअरमध्ये तिचा मोठा वाटा इंजिन घेतं आणि रेडिएटर-सायलेन्सरमधून बाहेर टाकतं. इंजिन याच कामासाठी, सतत उष्णता बाहेर फेकण्यासाठी बांधलेलं असतं. ब्रेक त्यासाठी नसतात.

कोणता गिअर? लहान हॅचबॅकमध्ये १,००० आरपीएमला दुसऱ्या गिअरमध्ये १३-१४, तिसऱ्यात २०-२१, पाचव्यात ३४-३५ किमी वेग मिळतो. सहा टक्के उतारावर ४० च्या वेगाने उतरताना साधारण ७ किलोवॅट इतका जोर सतत अडवावा लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३,००० आरपीएमवर असतं आणि त्यातला ६ किलोवॅटच्या आसपास भार पेलतं. तिसऱ्यात २,००० वर निम्म्याच्या आसपास. पाचव्यात नाममात्र. म्हणून कसारा, आंबोली, कुंभार्ली, वरंधसारख्या घाटांच्या तीव्र टप्प्यांत लहान गाडीला बहुतेक वेळा दुसरा गिअर लागतो. आवाज वाढतो, सोबतची माणसं 'इंजिनाचं काही बिघडेल' म्हणून काळजी करतात. ६,००० ची लाल रेघ असलेल्या इंजिनाला ३,००० आरपीएम, तेही पेट्रोल न जळता, हा विश्रांतीचाच प्रकार आहे.

'ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा' हा जुना नियम चांगला आहे, पण आता तो थोडा लंगडतो. एक लिटरचं टर्बो पेट्रोल किंवा टर्बो डिझेल तिसऱ्यात ऐटीत घाट चढतं. उतरताना टर्बो काही कामाचा नसतो, उरतं ते छोटं इंजिन, आणि तिसरा गिअर धरत नाही. त्यामुळे नियम असा वापरा: चढताना जो गिअर लागला तो जास्तीत जास्त, आणि दर वळणाआधी ब्रेक दाबावाच लागत असेल तर एक आणखी खाली.

पायऱ्या:

१. उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच, वेग कमी करून गिअर खाली टाका. गाडी वेगात सुटल्यावर खालचा गिअर शोधणं म्हणजे विहिरीत पडल्यावर दोर मागणं.

२. क्लच पूर्ण सोडा आणि पाय त्याच्यावरून बाजूला ठेवा. अर्धवट दाबलेला क्लच घाटात सर्वात लवकर जळतो.

३. आपला वेग ठरवा, समजा ४०. गाडी ४५ ला पोचली की ब्रेक ठामपणे दाबून तीन-चार सेकंदांत ३५ ला आणा आणि पूर्ण सोडा. पाय सतत टेकवून ठेवलेला हलका ब्रेक घातक: डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

४. वळणाआधी वेग कमी करायचा. वळणात ना गिअर बदलायचा, ना जोराचा ब्रेक.

५. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. उतरणाऱ्याने थांबायचं.

६. पावसाळ्यात गिअर खाली टाकताना विशेष हळू. इंजिन ब्रेकिंग फक्त इंजिन जोडलेल्या चाकांवर येतं. शेवाळलेल्या किंवा चिखल वाहून आलेल्या वळणावर क्लच झटक्यात सोडला तर ती चाकं घसरतात. पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही. मागच्या चाकांना इंजिन जोडलेल्या गाड्यांत मागची बाजू बाहेर फेकली जाते. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं नुसतं एबीएस इथे मदतीला येत नाही, कारण ब्रेक दाबलेलाच नसतो.

रेस जुळवून गिअर खाली टाकणं

'ब्रेक पॅड स्वस्त, क्लच महाग, मग इंजिन ब्रेकिंग कशाला?' हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. जोडलेला क्लच इंजिन ब्रेकिंगने झिजत नाही. झिजतो तो जोडताना, तेही इंजिन आणि चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत असतील तर. ३५ च्या वेगाला तिसऱ्यात इंजिन १,७०० वर असतं, दुसऱ्यात ते २,६०० वर हवं. हा ९०० चा फरक क्लचने घासून भरायचा की पायाने रेस देऊन, एवढाच प्रश्न.

क्लच दाबा, दांडा दुसऱ्यात आणा. क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरला एक छोटा टोला द्या. सुई २,६०० च्या जवळ गेली की क्लच सोडा आणि पाय काढा. बरोबर जमलं तर गाडीला झटका बसत नाही, फक्त आवाज बदलतो. सुरुवातीला मोकळ्या सपाट रस्त्यावर सराव करा. ब्रेक दाबलेला असताना त्याच पायाने टोला देण्याची कसरत घाटात शिकू नका. आधी ब्रेकने वेग कमी करायचा, ब्रेक सोडायचा, मग टोला.

एक चूक मात्र महागात पडते: गिअर चुकणं. १०० च्या वेगाला पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात दांडा गेला आणि क्लच सुटला तर इंजिन ७,००० च्याही वर फेकलं जातं. ईसीयू पेट्रोल तोडू शकतो, पण इथे इंजिन पेट्रोलवर फिरतच नाही, चाकं फिरवतात. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकू शकतात. म्हणून गिअर एक-एक करूनच खाली. पहिला गिअर चालत्या गाडीत १५-२० च्या वर नको.

लांब घाट उतरून पहिल्यांदा जोराची रेस दिल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर दोष इंजिन ब्रेकिंगचा नाही. व्हॉल्व्ह सील म्हातारे झालेत आणि जोराच्या व्हॅक्यूमने ऑइल आत खेचलं जातंय.

ऑटोमॅटिक, हायब्रिड, इलेक्ट्रिक

एएमटीचा, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचे क्लच-गिअर आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचा, मेंदू साधा असतो. पाय काढला की त्याला वाटतं जोर नकोय, आणि बरेचदा तो वरचा गिअर टाकतो, नेमका उतारावर. घाटात दांडा मॅन्युअलवर घ्या आणि स्वतः दुसरा किंवा तिसरा धरा. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, 'डी' मध्ये आरपीएम मुद्दाम खाली ठेवतो. तिथे 'एल', 'एस' किंवा 'बी' यापैकी जे दिलं असेल ते वापरा. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणाऱ्या) जुन्या गाड्यांत 'ओव्हरड्राइव्ह ऑफ', मग '२', अगदी तीव्र उतारावर 'एल'. नव्यांत पॅडल असतात. बऱ्याच गाड्या उतार ओळखून ब्रेकच्या एका टेकवण्याने स्वतः गिअर खाली आणतात. ऑटोमॅटिकमध्ये चालत्या गाडीला 'एन' टाकण्याचं कारण जवळजवळ कधीच नसतं.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ब्रेकिंगची जागा रीजन, म्हणजे मोटरनेच जनरेटर बनून वेग आवरणं, घेतं, आणि त्यातली ऊर्जा वाया न जाता बॅटरीत परत येते. पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर ती घ्यायला जागा नसते आणि रीजन कमी होतं किंवा जवळजवळ थांबतं. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग लावून सकाळी थेट घाटात उतरणाऱ्यांची इथेच फसगत होते: काल पाय काढला की थांबणारी गाडी आज घसरत सुटते. माथ्यावर चार्जिंग ८०-९० टक्क्यांवर थांबवा. इंजिन आणि मोटर दोन्हींवर चालणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी छोटी असल्याने लांब घाटात ती मध्येच भरते. 'बी' मोडमध्ये मग गाडी इंजिनाला पेट्रोलशिवाय फिरवून वेग आवरते. अचानक वाढलेला तो आवाज बिघाडाचा नाही.

दुचाकीवाल्यांसाठी थोडक्यात: इंजेक्शनच्या मोटरसायकलला हाच नियम, फक्त खालचा गिअर टाकताना क्लच आणखी हळू सोडा, कारण मागचं चाक एकटंच सगळं झेलतं. बिनगिअरच्या स्कूटरला वेग असेपर्यंत थोडं इंजिन ब्रेकिंग मिळतं. वेग फार उतरला की आतला क्लच सुटतो आणि गाडी एकदम मोकळी वाटते. तेव्हा दोन्ही ब्रेक तयार हवेत.

ब्रेक तापले तर

करपट वास हा पहिला इशारा. त्यानंतर काय बिघडतंय हे पेडल सांगतं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड किंवा लायनर तापून त्यांची पकड गेली आहे. पेडल मऊ लागून खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. ओलावा मुरल्यावर तेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलणं म्हणूनच टाळू नये, पातळी पूर्ण दिसत असली तरी.

वास आला की रुंद जागा पाहून बाजूला घ्या, गिअर टाका, चाकाला दगड लावा. २०-३० मिनिटं थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

ब्रेक पूर्ण गेलेच तर: इंजिन बंद करू नका, न्यूट्रल टाकू नका. पेडल भराभर पंप करा. गिअर एक-एक खाली आणा, आता क्लचची दया नको. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा-थोडा ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं अडकून गाडी फिरते. हॅझर्ड दिवे, हॉर्न. शेवटचा उपाय डोंगराच्या बाजूची चर किंवा माती. दरीच्या बाजूचा कठडा नव्हे.

पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार अवजड वाहनांच्या अपघातांमुळेच सगळ्यांना ठाऊक झाला, आणि न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांची चर्चा तिथे पुन्हा पुन्हा होते. ट्रकच्या बाबतीत न्यूट्रल दुप्पट घातक. एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. आयडलिंगला तो हळू भरतो, आणि नेमका त्याच वेळी चालक पुन्हा पुन्हा ब्रेक मारून हवा संपवत असतो. गिअर नाही म्हणून धुराची वाट अडवून इंजिनाला आवरणारा एक्झॉस्ट ब्रेकही निकामी. भरलेल्या ट्रकला एकदा वेग मिळाला की गिअर परत बसतही नाही, दात नुसते खरखरतात. घाटात घोंघावत, रटाळ वेगाने उतरणारी एसटी मागच्या गाड्यांना कंटाळा आणते, पण तिचा चालक गिअरवर उतरतोय याचाच तो आवाज असतो.

फरक पडला का, हे मोजायचं कसं

मीटरवरचा सरासरी आकडा बहुतेक गाड्यांत थोडा गोड बोलतो. खरं मोजायचं तर टाकी ते टाकी. पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की भरणं थांबवा, 'गोल आकडा' करू नका. ट्रिप मीटर शून्यावर. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या बंदपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. तीन टाक्या जुन्या सवयीच्या आणि तीन नव्या, टायरची हवा दर पंधरा दिवसांनी गाडीच्या दारावरच्या पट्टीप्रमाणे तपासलेली, आणि एसीचा वापर दोन्ही वेळा साधारण सारखा. एप्रिलच्या टाकीची तुलना जुलैच्या टाकीशी करू नका.